आज्ञांची वही

मनुष्य केवळ स्वतःसाठी म्हणून जे लिहून ठेवतो, त्याला नीतीचे नियम लागू होतात काय? पत्र, करार, साक्षीदाराचा जबाब, वर्तमानपत्रातील मजकूर हे सारे दुसऱ्यासाठी असते. त्यात हयगय झाली तर दुसऱ्याचे नुकसान होते, म्हणून तेथे खरेखोटेपणाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. परंतु स्वतःच्या वहीत, स्वतःच्या सोयीसाठी, कोणाला दाखवण्याचा हेतू नसताना उतरवलेल्या चार ओळींचा जाब कोणी कोणाला द्यावयाचा? बहुतेकांचे उत्तर असे असते की, वही माझी, अक्षर माझे आणि घोटाळा झाला तर फजितीही माझीच. त्यात इतरांनी नाक खुपसण्याचे कारण नाही. हे उत्तर आम्हांला पटत नाही. ते का पटत नाही हे सांगण्यासाठी आम्ही मुद्दामच एक साधे, रोजच्या व्यवहारातले आणि काही वाचकांना कदाचित रुक्ष वाटेल असे उदाहरण घेत आहोत. ते म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची टिपणे.

आमच्या सिंदी (मेघे) या गावाला आता वेगळे गाव म्हणणेही कठीण झाले आहे. वर्धा शहर कोठे संपते आणि सिंदी कोठे सुरू होते, हे नवख्याला सांगता यावयाचे नाही. सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्राम येथील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे या साऱ्या परिसरात शिकणाऱ्या मुलामुलींची वर्दळ असते. त्यांपैकी जी संगणकाचा अभ्यास करतात, त्यांच्याजवळ बहुधा एक वही असते. कधी ती दोनशेपानी कागदी वही असते. पुष्कळदा ती संगणकातच 'नोट्स' अशा नावाने ठेवलेली फाइल असते. तिच्यात आज्ञा उतरवलेल्या असतात.

आज्ञा कसल्या, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपण सामान्य माणसे संगणक वापरतो तो चित्रांवर बोट ठेवून. पण यंत्राशी बोलण्याची याहून जुनी आणि जाणकारांच्या हाती आजही टिकून असलेली रीत आहे. समोर काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि तिच्यापुढे आपण अक्षरे टाइप करून एका ओळीची आज्ञा द्यावयाची. या ओळीला 'कमांड लाइन' म्हणतात. दहा आज्ञा लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेल्या आम्हां कॅथलिकांना हा शब्द ऐकून थोडे हसू येते. येथे आज्ञा देणारा मनुष्य आहे आणि पाळणारे यंत्र. आणि ते इतके आज्ञाधारक की, चुकीची आज्ञाही मुकाट्याने तडीस नेते. 'आरएम' ही दोन अक्षरांची आज्ञा फाइल पुसते. चित्रांच्या व्यवहारात पुसलेली वस्तू आधी कचऱ्याच्या टोपलीत जाते आणि मन बदलले तर तेथून परत काढता येते. येथे टोपली नाही, आणि सामान्यतः 'नक्की पुसू ना?' अशी विचारणाही नाही. 'डीडी' नावाची दुसरी एक आज्ञा एका डिस्कवरील सारा मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवते. कोठून घ्यावयाचे हे 'आयएफ' या खुणेने सांगावयाचे आणि कोठे लिहावयाचे हे 'ओएफ' या खुणेने. दोन खुणांत फरक एका अक्षराचा. अदलाबदल झाली की कोऱ्या डिस्कवरील कोरेपण भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि एखाद्याचे चार वर्षांचे काम, एखाद्या कुटुंबाची सारी छायाचित्रे, एखाद्या दवाखान्याच्या नोंदी चहा संपण्याच्या आत नाहीशा होतात.

अशा आज्ञा शेकडो आहेत, प्रत्येकीला जोडावयाच्या खुणा आणखी अनेक. त्या सर्व कोणाच्याच ध्यानात राहत नाहीत. म्हणून वही.

अशी एक वही एका विद्यार्थ्याने आम्हांला मोठ्या उत्साहाने दाखवली. पानापानांवर आज्ञा होत्या, काही अधोरेखित, काहींभोवती चौकट. डिस्कची नक्कल करण्याची आज्ञाही होती, आणि तिच्याखाली दोनच शब्द होते: 'हे चालते.' त्या दोन शब्दांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कोणत्या यंत्रावर चालते? कधी चालले? कशासाठी दिली होती? ही ओळ त्याने स्वतः देऊन पाहिली होती, की कोणाच्या सांगण्यावरून उतरवली होती? त्याला विचारले, तेव्हा काहींची उत्तरे त्याला आठवली आणि काहींची आठवली नाहीत. वही सहा महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे सहा महिन्यांतच वहीचा लेखक आणि वहीचा वाचक ही दोन माणसे झाली होती, आणि वाचकाला लेखकाच्या शब्दावर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथे थोडे तपशिलात जाणे भाग आहे, कारण धोका तपशिलातच आहे. लिनक्स या प्रणालीत डिस्कांना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे मिळतात, ती यंत्राला त्या ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, मध्ये एखादा पेन ड्राइव्ह लावला, की हा क्रम बदलू शकतो. सोमवारी ज्या नावाची डिस्क रिकामी होती, त्याच नावाने मंगळवारी भरलेली डिस्क उभी असू शकते. वहीतील ओळ अक्षरशः तीच. सोमवारी ती खरी होती, मंगळवारी ती घातक आहे. 'हे चालते' या विधानात वर्तमानकाळ आहे खरा, पण तो कोणाचा वर्तमानकाळ, हे विधान सांगत नाही.

आमच्या गावाच्या नावातच हा धडा आहे. नुसते 'सिंदी' असे कोणी लिहून ठेवले, तर वर्ध्यातल्या माणसाला शंका येणार नाही. आपल्या शेजारची सिंदी, आणखी कोणती? पण तीच चिठ्ठी नागपूरहून गाडीत बसलेल्या पाहुण्याच्या हाती पडली, तर तो वर्धा येण्याच्या बऱ्याच आधी, सेलू तालुक्यातील सिंदी स्थानकावर उतरेल आणि विचारीत बसेल. म्हणून एकीला सिंदी (रेल्वे) म्हणावे लागते आणि दुसरीला सिंदी (मेघे). सावंगी, बोरगाव, पिपरी यांनाही हेच शेपूट लावलेले आहे. संगणकातही फाइलीचा पत्ता दोन रीतींनी देता येतो. एक रीत, आपण आता जेथे उभे आहोत तेथून मोजलेला पत्ता. दुसरी, मुळापासून सांगितलेला पूर्ण पत्ता. पहिला आटोपशीर असतो, पण उभे राहण्याची जागा बदलली की तो भलतीकडे नेतो. टिपणे लिहिणारा नेहमी पहिलाच पत्ता लिहितो, कारण लिहिताना तो कोठे उभा आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. ज्याला ते ठाऊक नसेल असा कोणी हे वाचील, ही कल्पनाच त्याच्या मनाला शिवत नाही.

आणि हा 'कोणी' म्हणजे बहुतेक वेळा तो स्वतःच. आम्हांला जे म्हणावयाचे आहे त्याचे मर्म येथे आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आपण ऐकत आलो आहोत आणि शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्याने दिलेले उत्तरही आपल्या परिचयाचे आहे. वाटेवर जो असहाय पडलेला आहे, तो शेजारी. विसरलेला मनुष्य असाच असहाय असतो. रात्री अकरा वाजता, यंत्र बिघडलेले, सकाळी काम द्यावयाचे, डोके शिणलेले, अशा अवस्थेत जो ही वही उघडणार आहे, तो वही लिहिणाऱ्याच्या ओळखीचा असेल, त्याच्याच नावाने त्याला लोक हाक मारीत असतील. पण त्याला मदतीची गरज आहे आणि मदत करण्याचे सामर्थ्य फक्त आज वही लिहिणाऱ्यापाशी आहे. मग त्याच्याशी आपले कर्तव्य परक्या माणसाशी असलेल्या कर्तव्याहून कमी कसे?

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. अक्षर, ओळी, समास, शाई, कागद यांविषयीच्या त्या सूचनांत एक फार मार्मिक आहे. तारुण्यातील दृष्टीच्या भरवशावर अतिबारीक अक्षर काढू नये, कारण उतारवयात ते आपल्याच उपयोगी पडत नाही; अक्षर मध्यम आकाराचे असावे, असा तिचा आशय आहे. समर्थांना वाचक म्हणून म्हातारा झालेला लेखकच डोळ्यांपुढे दिसला. संगणकाच्या पिढीला म्हातारपणाची वाट पाहावी लागत नाही; सहा महिने पुरतात.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. तो असा की, टिपण हीच मुळात दुबळेपणाची निशाणी होय. ज्याला विद्या आली तो वही उघडीत नाही. ज्याला वही उघडावी लागते त्याला विद्या आलेली नाही. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात इजिप्तचा राजा थामुस लेखनविद्येच्या देवाला हेच बजावतो की, तुझ्या या शोधाने माणसांची स्मृती बळावणार नाही, ती झडेल. आणि न शिकता शिकल्याचा भास मात्र त्यांना होईल. आपल्या देशात तर पाठांतराची परंपरा एवढी मोठी की, पुस्तकातील विद्या आणि दुसऱ्याच्या हातातील धन यांना एकाच मापाने मोजण्याची पद्धत होती. आक्षेपात तथ्य आहे. आज्ञा न समजता वहीतून उचलून जशीच्या तशी टाइप करणारा मनुष्य संगणक चालवीत नाही, वही त्याला चालवते.

परंतु परंपरेकडे नीट पाहिले तर चित्र इतके एकरंगी नाही. आपल्याकडचे कीर्तनकार पाठांतरात कोणाला हार जाणारे नव्हते, तरी त्यांच्यापाशी 'बाड' असे. अभंग, पदे, आख्यानाचे टप्पे, कोठे कोणता दाखला द्यावयाचा याच्या खुणा त्यात असत. ते पुढच्याच्या हाती जाई आणि तो त्यात आपली भर घाली. बाड पाहून कीर्तन होत नाही हे कीर्तनकाराला कळत होते, आणि बाडाशिवाय दहा वर्षांनी आख्यान जागेवर राहत नाही हेही कळत होते. स्मृती आणि वही यांत सवतीमत्सर असलाच पाहिजे असे नाही. जे समजले आहे तेच टिपावे, एवढे पथ्य पाळले तर वही स्मृतीचा आधार होते. न समजलेले टिपले, तर ती नुसती अडगळ होते. आणि आज्ञांच्या बाबतीत ती अडगळ दारूगोळ्याची असते.

आपल्या ख्रिस्ती परंपरेत स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांचे सर्वांत मोठे उदाहरण संत इग्नेशियस लोयोला यांचे आहे. १५२१ साली लढाईत पाय मोडून ते घरी अंथरुणाला खिळले, तेव्हा वाचलेल्या ग्रंथांतून त्यांनी सुमारे तीनशे पानांची वही उतरवली. ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईने आणि पवित्र मातेचे निळ्या शाईने. (आजची मुले संगणकावर आज्ञा, खुणा आणि पत्ते वेगवेगळ्या रंगांत पाहतात, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.) पुढे मनरेसा येथील वास्तव्यात 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाचे बीज पडले. हा ग्रंथ कसा लिहिला, असे १५५५ साली फादर गोन्साल्विस दा कामरा यांनी त्यांना विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, तो एका बैठकीत लिहिला नाही. स्वतःच्या अंतरात जे घडताना दिसले आणि स्वतःला ज्याचा उपयोग झाला, ते इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटून टिपून ठेवीत गेलो. त्यांनी उदाहरण दिले ते रेघा आखून विवेकपरीक्षा करण्याच्या पद्धतीचे. त्या पद्धतीत आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघांची जोडी असते. ज्या दोषावर लक्ष ठेवले आहे तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेघेवर द्यावयाचे, आणि मग आजची कालशी, या आठवड्याची मागल्याशी तुलना करावयाची.

या ग्रंथाला पोप तिसरे पॉल यांची मान्यता १५४८ साली मिळाली, म्हणजे मनरेसानंतर पंचवीस वर्षांनी. मधल्या काळात टिपणे वापरात होती, इतरांना दिली जात होती आणि दुरुस्त होत होती. ज्या प्रतीला संतांची स्वहस्तप्रत म्हणतात, ती वास्तविक लेखनिकाने उतरवलेली आहे. संतांच्या हातचे आहेत ते तिच्यातील फेरफार. आम्हांला यात विलक्षण अर्थ दिसतो. लेखकाचा हात त्या प्रतीत ओळखू येतो तो दुरुस्त्यांवरून.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. वहीतील आज्ञा कालबाह्य झाली, तर काय करावे? उदाहरणार्थ, लिनक्सवर जाळ्याची जोडणी तपासण्यासाठी पूर्वी 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा सर्रास शिकवली जाई. आता तिच्या जागी 'आयपी' ही आज्ञा आली आहे आणि नव्या यंत्रांवर पुष्कळदा जुनी सापडतही नाही. जुनी ओळ खोडून तेथे नवी लिहावी, की जुनी ठेवून शेजारी शेरा मारावा? खोडले तर वही स्वच्छ राहते. पण उद्या एखादे जुने यंत्र समोर आले, तर हात रिकामे. शिवाय आपण पूर्वी काय मानीत होतो आणि ते का बदलले, याचा मागही पुसला जातो. न खोडले तर वही माजते, आणि घाईत वाचणारा नेमकी जुनी ओळ उचलतो.

संत ऑगस्टीन यांच्यापुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. आयुष्याच्या अखेरीस, ४२६-४२७ च्या सुमारास, हिप्पोच्या या वृद्ध बिशपांनी आपले सारे ग्रंथ क्रमाने पुढे घेऊन तपासावयास आरंभ केला आणि 'रेट्रॅक्टॅशिओनेस' हा ग्रंथ लिहिला. त्र्याण्णव ग्रंथांची झडती त्यांनी त्यात घेतली आहे. हे कधी लिहिले, कोणत्या प्रसंगी लिहिले, त्यातील कोणते वाक्य आज लिहिणार नाही आणि का, असे ते एकेक सांगत जातात. मूळ ग्रंथ त्यांनी पुन्हा लिहून काढले नाहीत. त्यांच्या प्रती लोकांच्या हाती केव्हाच गेल्या होत्या. त्या परत कोण बोलावणार? जे हातातून सुटले ते पुसता येत नाही, त्याच्यासोबत दुरुस्ती पाठवता येते, एवढेच. ज्या विद्यार्थ्याने आपली वही मित्रांना पाठवली, त्याची अवस्था हीच असते. स्वतःची प्रत त्याने सुधारली, तरी वर्गातल्या चाळीस प्रतींत जुनी ओळ तशीच बसलेली असते. एखाद्याला हे ओझे वाटेल. आमच्या मते ते ओझेच आहे, आणि वही वाटण्यापूर्वी ते जाणवावे हे बरे.

महात्मा गांधींनी या अडचणीवर वाचकांसाठी एक नियम सांगून ठेवला होता. २९ एप्रिल १९३३ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिले, त्याचा भावार्थ असा की, माझ्या दोन लेखांत विसंगती आढळली आणि माझ्या शहाणपणावर तुमचा विश्वास असला, तर एकाच विषयावरील दोहोंपैकी नंतरचे ग्राह्य धरा. त्याच वर्षी ते वर्ध्यास आले आणि १९३६ पासून सेवाग्राम, तेव्हाचे शेगाव, हे त्यांचे ठिकाण झाले. हा नियम पाळता येण्यासाठी प्रत्येक लेखावर तारीख असावी लागते. बिनतारखेच्या वहीत नंतरचे कोणते, हे कसे ठरणार? संगणकातील फाइलीला यंत्र स्वतःच तारीख लावते हे खरे, पण ती साऱ्या फाइलीची शेवटच्या बदलाची तारीख. कोणती ओळ केव्हाची, हे ती सांगत नाही. ओळीची तारीख लिहिणाऱ्यालाच लिहावी लागते, आणि तेवढे अर्धे मिनिट कोणापाशी नसते.

वर्ध्यातच गोपुरीला गीताई मंदिर आहे. विनोबांनी १९३०-३१ मध्ये रचलेली गीताई तेथे शिळांवर कोरलेली आहे, श्लोकाश्लोकाची शिळा उभी आहे. त्या शिळांमधून चालताना मन शांत होते, आणि आमच्यासारख्याच्या मनात एक अप्रस्तुत विचारही येतो: येथे काही खोडता येणार नाही. जे अनेक वर्षांच्या चिंतनातून आणि लोकांच्या वापरातून घासून निघाले, ते दगडावर कोरण्याचा अधिकार मिळवते. पण दगडाचा आव आणणारी कागदी वही पाहिली की आम्हांला भय वाटते. 'हे चालते' या दोन शब्दांत तोच आव होता.

संगणकाच्या जगात याचा उत्तम कित्ता पन्नास वर्षांपूर्वीच घालून दिला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली आणि तिच्या आज्ञांची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. प्रत्येक आज्ञेला ठरावीक मथळे: नाव, रूप, वर्णन, संबंधित फाइली. आणि मग 'बग्ज', म्हणजे या आज्ञेतील आम्हांला माहीत असलेले दोष आणि उणिवा. विकणाऱ्याने मालाच्या डब्यावरच मालाचे दोष छापावेत, तसा हा प्रकार. कोणाही दुकानदाराने हे केलेले आम्ही पाहिले नाही. त्याखाली आणखी एक मथळा होता, 'ओनर', म्हणजे धनी: अडचण आली तर कोणाला विचारावयाचे त्याचे नाव. धनी कोण, याचा नियम पुस्तिकेच्या प्रस्तावनेत दिला आहे. आज्ञेत सर्वांत शेवटी ज्याने बदल केला तो तिचा धनी. म्हणून तो मूळ कर्ता असेलच असे नाही. मालकीची ही व्याख्या आमच्या जमीनजुमल्याच्या कायद्याला पेलणार नाही, पण नीतिदृष्ट्या ती फार खोल आहे. ज्याने शेवटचा हात लावला त्याने जबाब द्यावयाचा. 'मी फक्त उतरवून घेतले' ही सबब तेथे संपते.

यावरून प्रश्न येतो वहीच्या मालकीचा. काही टिपणे खरोखर खाजगी असतात आणि असावीत. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा अनुभव पास्काल यांनी कागदावर टिपला आणि तो आपल्या अंगरख्यात शिवून ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतरच तो सापडला. आत्मा आणि परमेश्वर यांच्यातील तो व्यवहार होता, त्यावर कोणाचा हक्क नव्हता. डिस्कची नक्कल करण्याची आज्ञा त्या जातीची नव्हे. तरीही ती अंगरख्यात शिवून ठेवणारे लोक आहेत. एका कार्यालयात (नाव सांगण्याचे कारण नाही) संगणकाची सारी व्यवस्था एका गृहस्थांच्या हाती होती. त्यांनी टिपणे ठेवली होती, पण मुद्दाम अशा सांकेतिक खुणांत की, दुसऱ्याला काडीचा बोध होऊ नये. आपल्यावाचून चालत नाही, हे सिद्ध करण्याचा तो मार्ग होता. ते एकाएकी आजारी पडले आणि मागे राहिलेल्यांना, त्यांत महिन्याच्या पगारावर घर चालवणारे शिपाईही होते, तीन आठवडे पगाराची वाट पाहावी लागली. मात्रेची कृती मुलालाही न सांगता गेलेल्या वैद्यांच्या गोष्टी आपण ऐकतो आणि हळहळतो. हे गृहस्थ त्यांच्याच गोत्रातले. जमिनीत पुरून ठेवलेल्या धनाच्या दाखल्यात नोकराने धन बुडवले नव्हते, जसेच्या तसे परत दिले होते, हे येथे ध्यानात घ्यावे. तरीही धनी संतापला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. वहीत आज्ञांबरोबर सांकेतिक शब्द, म्हणजे पासवर्ड, बेधडक लिहून ठेवण्याची वाईट सवय सर्वत्र आहे. दवाखान्यात काम करणाऱ्याच्या टिपणांत उदाहरण म्हणून खऱ्या रुग्णांची नावे राहून जातात. अशी वही उदारपणे वाटणे म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूचे दान करणे होय. वही वाटावी, पण आधी ती झाडून घ्यावी. एवढे बोलून आम्ही हा विषय सोडतो, कारण त्यात वाद नाही.

वाद आहे तो याहून नव्या गोष्टीबद्दल. आज कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला साध्या मराठीत विचारले, तरी हवी ती आज्ञा क्षणात लिहून मिळते, स्पष्टीकरणासह. मग वही कशाला लिहावी आणि तिची एवढी काळजी तरी कशाला वाहावी, असे एका हुशार मुलीने आम्हांला विचारले. तिचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. यंत्राचे उत्तर पुष्कळदा बरोबर असते, कित्येकदा त्या विद्यार्थ्याच्या वहीपेक्षा अधिक नीटनेटके असते. पण ते चुकते तेव्हाही त्याच नीटनेटकेपणाने चुकते, आणि त्याने ती आज्ञा तुमच्या यंत्रावर, तुमच्या डिस्कांसमोर देऊन पाहिलेली नसते. खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा आपण न्यायालयापुरती समजतो. साक्ष म्हणजे स्वतः पाहिलेले सांगणे. 'अमुक दिवशी, अमुक यंत्रावर, अमुक कामासाठी मी ही आज्ञा दिली आणि असे घडले' ही साक्ष आहे. 'असे म्हणतात' ही ऐकीव गोष्ट आहे. तिचाही उपयोग असतो, मात्र ती ऐकीव म्हणून नोंदली पाहिजे. त्या मुलीला आम्ही एवढेच सुचवले की, यंत्राने दिलेली आज्ञा वहीत घेताना तिच्यापुढे 'यंत्राकडून, न पडताळलेली' असे लिहावे, आणि पडताळल्यावर तो शेरा खोडून तारीख घालावी. तिने विचारले की, पडताळताना डिस्क गेली तर? म्हणून पडताळणी निरुपयोगी डिस्कवर करावी, हेही वहीतच लिहून ठेवावे लागते.

संगणक स्वतःही दिलेल्या आज्ञांची यादी ठेवतो. 'बॅश' या प्रचलित आज्ञापालकाच्या मूळ मांडणीत शेवटच्या पाचशे ओळी स्मरणात राहतात. कोणी म्हणेल, मग आयतीच वही झाली. परंतु त्या यादीत फसलेली आज्ञा आणि साधलेली आज्ञा शेजारी शेजारी, एकाच अक्षरात, काही न बोलता उभ्या असतात. काय केले हे यादी सांगते. ते करावयास हवे होते काय, हे सांगत नाही. इग्नेशियस यांच्या रेघांवरील ठिपके आणि ही यादी यांत फरक आहे तो नेमका येथे. ठिपका देणारा संध्याकाळी थांबून, स्वतःच्या दिवसाकडे पाहून तो देत असे.

असे थांबून पाहणारे लोक आपल्याच परंपरेत आणि आपल्याच भाषांच्या सेवेत होऊन गेले. 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावयास नको. त्यांनी गोव्यातील लोकभाषेचे व्याकरणही रचले. नव्याने आलेल्या मिशनऱ्याला कोणता शब्द कोठे कसा चालवावा, कोणत्या नामाला कोणता प्रत्यय लागतो, हे हाताशी असावे म्हणून तयार झालेले ते पुस्तक, म्हणजे एका अर्थी आज्ञांची वहीच. स्टीफन्स १६१९ साली निवर्तले. पुस्तक छापले गेले ते १६४० साली, राशोल येथे, त्यांच्यामागे एकवीस वर्षांनी. एवढ्या वर्षांत ते इतरांच्या हातांतून गेले होते, आणि हे लपवावे असे छापणाऱ्यांना वाटले नाही. मुखपृष्ठावर प्रथम रचणाऱ्या स्टीफन्स यांचे नाव आहे, मग भर घालणाऱ्या फादर दियोगु रिबैरु यांचे, आणि त्यापुढे असे छापले आहे की, याच संघाच्या आणखी चार धर्मगुरूंनी हे नव्याने तपासून दुरुस्त केले आहे. त्या चौघांची नावे दिलेली नाहीत.